नक्षी कुठे असते? : 'मुंबईच्या पेटी'च्या निमित्ताने

मराठी समीक्षेत 'नक्षीकाम' हा शब्द बहुधा उणेपणा दाखवण्यासाठीच येतो. आशय दुबळा आणि भाषा नटवी दिसली की 'नुसते नक्षीकाम' असा शेरा मारला जातो. या शेऱ्यामागे एक गृहीतक दडलेले आहे : वस्तू आधी घडते आणि नक्षी तिच्यावर मागाहून चढते. हे गृहीतक कारागिरीच्या इतिहासात कितपत टिकते, हे तपासण्यासाठी आम्ही येथे लाकडाच्या एका कलेचा विचार करीत आहोत.

या कलेला युरोपात 'मार्केट्री' म्हणतात. मराठीत तिच्यासाठी एकच रुळलेला शब्द नाही. आपण ज्याला जडावकाम म्हणतो ते थोडे वेगळे. म्हैसूरच्या प्रसिद्ध शिसवी कामात ठोस लाकडात खाच कोरून तिच्यात दुसऱ्या रंगाचा तुकडा बसवला जातो. मार्केट्रीत लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे तुकडे एकमेकांना भिडवून संपूर्ण चित्र आधी जुळवतात आणि मग ते अखंडपणे फळीवर चिकटवतात. फ्रान्समधील आंद्रे-शार्ल बूल (१६४२-१७३२) याच्या कारखान्यात पितळ आणि कासवाचे कवच यांचे पत्रे एकावर एक ठेवून एकदमच कापत. परिणामी एका नगात जे चित्र, तेच दुसऱ्या नगात पार्श्वभूमी होई. आकृती आणि अवकाश यांचे परस्परावलंबन याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

याच कुळातील एक कला एकोणिसाव्या शतकात मुंबईत भरभराटीला आली होती. तिचे नाव 'सादेली'. ती इराणातील शिराझहून सिंधमार्गे मुंबईकडे आली, असे जॉर्ज बर्डवूड यांनी हिंदी कलाकौशल्यांवरील आपल्या १८८० च्या ग्रंथात नमूद केले आहे. शिराझमध्ये 'खातम' या नावाने अशीच कला आजही चालते. सुरत आणि मुंबई ही सादेलीची मुख्य केंद्रे. चंदनाच्या लेखनपेट्या, शिवणाच्या पेट्या, भेटपत्रांच्या डब्या असा तिचा माल इंग्रज गिऱ्हाइकांना फार आवडे. तो विलायतेत 'बॉम्बे बॉक्स' म्हणून ओळखला जाऊ लागला आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही मांडला गेला.

सादेलीची कृती पाहिली म्हणजे आमचा मुद्दा ध्यानात येईल. हस्तिदंत, शिसव किंवा अबनूस, चंदन, हिरवे रंगवलेले हाड अथवा शिंग यांच्या तिकोनी वा चौकोनी बारीक काड्या तासून घेत. त्यांच्या जोडीला कथलाची तार असे. ठरलेल्या क्रमाने या साऱ्यांची जुडी बांधून ती सरसाने एकजीव करीत. मग त्या जुडीचे आडवे, कागदासारखे पातळ काप काढीत. प्रत्येक कापावर तेच तारे, तीच षट्कोनी फुले. ते काप पेटीवर चिकटवले की काम पूर्ण होई. म्हणजे नक्षी पेटीवर चढण्यापूर्वीच जुडीच्या अंतरंगात आरपार भरलेली असे. करवत तिला केवळ उघड करी.

सोलापूरकरांना हे तत्त्व परके वाटू नये. जॅकार्डच्या मागावर विणलेल्या आपल्या चादरीवरील नक्षी छापलेली नसते. ताण्याचे कोणते धागे केव्हा उचलायचे, हे छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी आधीच ठरवलेले असते. नक्षी काढून टाकायची तर चादरच उसवावी लागेल. येथे अलंकार आणि रचना वेगळे काढता येत नाहीत.

तरीही इतिहासाने सादेलीला न्याय दिला असे म्हणवत नाही. पेटीला बंदराचे नाव मिळाले; ती करणाऱ्या बहुतेक हातांची नावे मात्र पेटीवरही नाहीत आणि नोंदींतही नाहीत. कारागीर बव्हंशी गुजराती आणि पारशी, गिऱ्हाईक इंग्रज. मराठी लेखनाच्या वर्तुळाबाहेरच हा व्यवहार झाला. मराठीत या कलेला शब्द का रुळला नाही, याचे एक कारण येथे असावे. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ साली झालेल्या दुरुस्त्यांनी देशातील हस्तिदंताचा व्यापार थांबवला. ते योग्यच झाले. पण गिऱ्हाइकी त्यापूर्वीच ओसरली होती. सुरतेत मोजक्या हातांनी ही कला जपली. मुंबईच्या पेट्या आता संग्रहालयांत आणि विलायती लिलावांत भेटतात.

ही कला छंद म्हणून हाती धरणे अवघड नाही. फर्निचरच्या कारखान्यात व्हिनिअरचे तुकडे उरतातच. सागवानी, शिसवी आणि एखादा फिकट, असे तीन रंग आरंभाला पुरेत. पार्श्वभूमीच्या पापुद्र्यावर साधे पान रेखाटावे आणि धारदार पात्याने तेवढा भाग कापून खिडकी पाडावी. खिडकीखाली दुसऱ्या रंगाचा पापुद्रा सरकवून तिच्या कडेनेच पाते फिरवावे म्हणजे तुकडा नेमका बसतो. कागदी पट्टीने सांधे धरून ठेवावेत, मग सारे चित्र प्लायवूडवर चिकटवून रात्रभर वजनाखाली दाबावे. फळीच्या मागील बाजूसही एक पापुद्रा चिकटवावा. नाहीतर ती वाकते. छटा हवी असल्यास तुकड्याची कड तापलेल्या वाळूत क्षणभर धरतात. शेवटी पॉलिशपेपर, तोही हलक्या हाताने, कारण पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे एकदा तरी करून पाहावे असे आम्हांस वाटते. 'जडणघडण' हा शब्द आपण लेखकांच्या चरित्रांतून सतत वापरतो. त्यातील 'जडण' म्हणजे प्रत्यक्षात काय, हे सांधा जुळत नाही तेव्हा कळते. आणि पुढच्या वेळी एखाद्या कवितेवर 'नुसते नक्षीकाम' असा शेरा लिहिण्यापूर्वी ती नक्षी वरून चिकटवलेली आहे की आरपार गेलेली, एवढे तरी पाहण्याची सवय लागेल.