आज्ज्याची ठासणीची बंदूक



आज पिकाचं नाही, राखणीच्या हत्याराचं लिहितो. गेल्या महिन्यात आज्ज्याची बंदूक घरी आली. परवानाधारक वारला की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करावं लागतं. वारसाच्या नावचा परवाना होईपर्यंत आमची तिथंच पडून होती. आली तेव्हा नळीवर गंजाचा थर, घोडा जाम आणि दस्त्याला मुठीजवळ चीर. बघायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "शिकारीची रायफल हाय व्हय?"

नव्हं. आणि ती रायफल का नाही, हाच या बंदुकीचा सगळा इतिहास आहे.

रायफलीच्या नळीत आतून स्क्रूसारखे आटे असतात. त्यामुळं गोळी फिरत जाते आणि लांबवर नेम धरते. आमच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. तोंडातून दारू ओतायची, गजानं ठासायची, छर्रे घालायचे आणि मागं घोड्याखाली केप बसवायची. नेम तीस-चाळीस पावलांचा. त्यापुढं नुसता आवाज.

आपल्या मुलखात हत्यारं कमी नव्हती. १८४४ साली सामानगड, भुदरगडच्या गडकऱ्यांनी बंड केलं, ते मोडल्यावर गडांची ताकदच काढून घेतली. १८५७ ला कोल्हापुरातली २७ वी पलटण उठली. त्या वर्षीचा सगळा वाद ज्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून पेटला, तिच्या नळीत आटे होते. बंड शमल्यावर इंग्रजांनी काय करावं? हिंदी शिपायांसाठी तशाच दिसणाऱ्या पण बिनआट्याच्या बंदुका काढल्या. बाहेरून तीच, आतून गुळगुळीत. नेटिवाच्या हातात लांबचा नेम नको, एवढाच हिशेब. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं इंग्रजी मुलखात परवान्याची सक्ती आली.

संस्थानात चित्र थोडं वेगळं. दाजीपूरचं रान महाराजांचं राखीव शिकारीचं. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात शिकारीची हत्यारं आणि भुसा भरलेली जनावरं आजही बघायला मिळतात. रायफल तिथली, माळ्यावर बसून राखण करणाऱ्याची गोफण किंवा फार तर ठासणीची. १९४९ ला संस्थान विलीन झालं. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, आणि त्यात शेतकऱ्याचा उल्लेख आहे बरं का. कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी तोंडातून भरायच्या बंदुकीचा परवाना सांगितलाय. तिनं भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी बिनआट्याची. इंग्रज गेले, कायदा बदलला, पण शेतकऱ्याच्या वाट्याला नळी गुळगुळीतच राहिली. आज्ज्याचा परवाना याच कलमाखालचा.

आता दुरुस्तीकडं येतो.

पहिलं काम गंज नव्हे, नळी रिकामी आहे का ते बघणं. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्याच विसरलेल्या सापडतात, आणि दारू कोरडी असली की किती वर्षांनीही पेटते. गज तोंडातून आत सोडायचा, तोंडाशी खूण करायची, बाहेर काढून नळीच्या अंगाला लावायचा. टोक केप बसते त्या भोकाजवळ पोचलं तर रिकामी. चार बोटं अलीकडं थांबलं तर हात लावायचा नाही. आमची रिकामी होती.

घोड्याचं आणि चापाचं काम परवाना असलेल्या कारागिराकडंच दिलं. विनापरवाना कुणाकडून बंदूक दुरुस्त करून घेणं गुन्हा आहे, मग तो लोहार कितीही हुशार असू दे. नळीवरचा गंज ग्राइंडरनं उडवायचा मोह झाला होता, पण नळीवर नंबर आहे आणि परवान्यावर तोच नंबर. तो पुसला तर बंदूकही गेली आणि आपणही. म्हणून तेल आणि बारीक तारेचा काथ्या घेऊन चार दिवस हातानं घासली.

गंज कशानं लागला, तेही कळलं. काळी दारू जळल्यावर नळीत क्षार राहतात, ते हवेतलं पाणी ओढतात. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. आज्जा बार काढला की त्याच रात्री नळीत कडकडीत पाणी ओतून, पुसून तेल लावायचा. आम्हाला तो येडेपणा वाटायचा.

दस्ता कुणीतरी शिसवीचा बसवलाय, मूळचा नव्हे. चीर भरून घेतली आणि जवसाचं तेल चोळलं, पातळ, आठ हात, प्रत्येक हातानंतर दोन दिवस वाळवून. जवसाचं तेल हवेत सुकून कडक थर धरतं, करडईचं तेवढं धरत नाही. एक सावधगिरी: त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

आतेभाऊ म्हणाला, "एवढं केलंस, तर नळी कापून आखूड कर, मागनं काडतूस घालायची सोय करून घे." त्याची कल्पना जुनीच. १८६६ च्या सुमारास इंग्रजांनी स्वतःच्या एन्फिल्ड रायफली अशाच मागून उघडणाऱ्या करून घेतल्या. पण आपल्याकडं नळी आखूड करणं आणि बंदुकीचा प्रकार बदलणं, दोन्हीला मनाई. आणि परवाना ठासणीच्या बंदुकीचा आहे. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग हिचा उपयोग काय? गव्याला ती दाखवायचीसुद्धा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. दाजीपूरचं शिकारीचं रान १९५८ ला राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं आणि १९८५ ला ते ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत वाढलं. अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वन खात्याकडं नाव नोंदवायचं असतं आणि नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. म्हणून ही जुनी टिकवायची. एकदा गेली की गेली. रानडुकराबाबत वन खात्याची लेखी परवानगी मिळाली, तरच पुढचं बोलायचं.

अर्ज दिलाय. तोवर बंदूक कुलपात आणि राखणीला मी, बॅटरी आणि कुत्रं. काल पहाटे ओढ्याकडच्या मक्याच्या चार ओळी आडव्या झाल्या. पंचनाम्यासाठी फोटो काढून ठेवलेत.