खोपोलीची वीज आणि भाड्याचा संगणक

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या बहुतेक कापड गिरण्यांचे बॉयलर, वाफेचे इंजिन आणि कोळशाचा साठा ज्याचा त्याचा असे. १९१० साली टाटा हायड्रो कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईत पोहोचली. स्वतःचे इंजिन सांभाळण्यापेक्षा वीज विकत घेणे गिरण्यांना परवडू लागले. संगणकाच्या इतिहासात हेच वळण सुमारे नव्वद वर्षांनी आले.

मार्च २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने ‘एस थ्री’ ही माहिती साठवण्याची सेवा सुरू केली. दर होता एका जीबीला महिना १५ सेंट. त्याच ऑगस्टपासून तासाला १० सेंट दराने संगणकही भाड्याने मिळू लागला. ही चिल्लर वाटते. पण २०२४ मध्ये कंपनीच्या विक्रीत या क्लाउड शाखेचा वाटा जेमतेम सहावा हिस्सा असताना, व्यवसायातून झालेल्या नफ्यात तो निम्म्याहून अधिक होता.

हा नफा येतो कुठून? पहिले उत्तर खोपोलीचेच आहे. मोठा खर्च एकदा करायचा आणि यंत्र रिकामे ठेवायचे नाही. एकाचे काम थंडावते तेव्हा दुसऱ्याचे चालते. दुसरे असे, की नुसती जागा स्वस्त द्यायची आणि तिच्यावरच्या तयार सेवांवर अधिक कमवायचे.

तिसरे उत्तर मात्र विजेच्या धंद्यात सापडत नाही. गिरणीने वीज घेतली तरी तिच्या वह्या गिरणीतच राहिल्या. क्लाउडमध्ये वहीच दुसऱ्याच्या घरी जाते. अ‍ॅमेझॉनच्या मुंबई केंद्रात एक जीबी महिनाभर ठेवायला सुमारे २.५ सेंट लागतात. मोफत मर्यादेपलीकडे तोच बाहेर काढायला सुमारे ११ सेंट. आत आणणे फुकट. कायमचे सोडून जाणाऱ्यांना ही आकारणी माफ करण्याचे कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले; रोजच्या ने-आणीची कायम राहिली.

हा व्यवहार शहरापुरता नाही. गूगलने २०१५ पासून फोटोंना दिलेली अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून १५ जीबीच्या मर्यादेत आणली. आमच्या गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावात मोबाइलवर लग्नाचे फोटो ठेवणाऱ्यालाही तोच नियम लागू झाला. तोवर सवय जडलेली होती आणि आठवणी तिकडे होत्या.

स्वस्त सेवा लबाडीच असते, असे नाही. तिच्यामुळेच लहान माणसाला मोठे यंत्र वापरता आले. फक्त ठेवण्याचा दर विचारताना परत नेण्याचाही विचारावा.