टिक्टोची कुळकथा

वऱ्हाडातल्या अकोटच्या बाजारात भोयांच्या टोपल्यांत मरळ आणि वाम वर मांडलेली असते. शेजारी रोहू-कटल्याचा ढीग, तो धरणाच्या तलावातला माल. या सगळ्यानंतर टोपलीच्या तळाशी उरते ती चिल्लर. बोट-दीड बोट लांबीचे चंदेरी मासे, तळून काट्यांसकट खायचे, म्हणून वाट्यावर विकलेले. असा एक वाटा पांढऱ्या ताटलीत पसरून बघावा. एकाच जातीचा वाटणारा ढीग तीन-चार जातींत फुटतो, आणि त्यात बहुधा टिक्टो असतो.

तो ओळखायला भिंग लागत नाही. अंगावर दोन काळे ठिपके: लहानसा कल्ल्यामागे, ठळक शेपटीच्या अलीकडे. कडेने जाणारी बारीक रेघ बहुतेक वेळा थोड्याच खवल्यांवर उमटून थांबते. पाठीच्या पराचा काटा मागच्या बाजूने करवतीसारखा दातेरी असतो. पावसाळ्याच्या तोंडावर नराच्या अंगावर लाली चढते आणि पाठीच्या परावर काळ्या टिंबांच्या ओळी उठतात. मादी पोटाने भरलेली, रंगाने साधी. शेपटीच्या बुडाशीच ठिपका आणि रेघ मात्र कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सलग असेल, तर तो पुंटियस सोफोरे. डोळ्याजवळून शेपटीपर्यंत काळा पट्टा असेल तर रासबोरा. आणि आरपार काटे दिसत असतील तर तो काचमासा.

एवढ्याशा माशाची नोंद कुणी आणि कधी केली, हे शोधताना पहिला टप्पा बाराव्या शतकात लागतो. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे भेद करून कुठल्या माशाला काय खायला घालायचे आणि तो गळाला कसा लावायचा, हे त्यात सांगितले आहे. पण तो राजाचा खेळ होता. गळाला लागून दोरी ताणेल अशा माशावर त्याची नजर होती, चिल्लरीवर नव्हे.

चिल्लरीकडे बारकाईने पाहिले ते फ्रान्सिस हॅमिल्टन या डॉक्टरने. गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवरचे त्याचे पुस्तक १८२२ साली आले. टिक्टो, सोफोरे, झेब्रा दानिओ, काचमासा या सगळ्यांची शास्त्रीय नावे त्या एका पुस्तकातली. आपल्या बाजूला हे काम कर्नल विल्यम सायक्सने केले. भीमा आणि मुळा-मुठेच्या खोऱ्यातल्या माशांवरचा त्याचा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत वाचला गेला. सायक्सची मला आवडणारी गोष्ट अशी, की त्याने नदीकाठच्या माणसांनाच विचारले आणि त्यांनी सांगितलेली नावे जशीच्या तशी लॅटिनमध्ये बसवली. मळ्या ‘मुल्ल्या’ झाला, शिंगटी ‘सींगटी’, नुक्ता ‘नुक्ता’च राहिला. मराठी भोयांचे ज्ञान आजही या नावांतून जगभरच्या संग्रहालयांत टिकून आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना उघडपणे द्यायला हवे.

एवढी ओळख पटल्यावर पुढच्या काळात याच माशांना मत्स्यशेतीच्या पुस्तकांनी तण ठरवले. तलावात रोहू, कटला, मृगळाचे बीज सोडण्याआधी मोहाची ढेप टाकून आधीचे मासे मारायचे, असा शिरस्ता पडला. टिक्टो, काचमासा, रासबोरा सगळे त्यात गेले. उत्पन्नाचे गणित मला कळते, पण तण हा शब्द पटत नाही. हे मासे त्या पाण्यात आधीपासून राहत होते.

तिकडे युरोपात उलटे घडले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले आणि घरात काचेची टाकी ठेवायचे वेड पसरले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मन शौकिनांच्या टाक्यांत भारतीय चिल्लर पोचली होती. तिथून टिक्टोच्या कुळकथेत एक घोळ शिरला. १९७०च्या दशकात ओडेसाच्या बाजारात लालभडक पट्ट्याचा एक मासा दिसू लागला. ठिपके टिक्टोसारखे, म्हणून कित्येक वर्षे तो टिक्टोचाच रंगीत अवतार समजला गेला. तो म्यानमारचा वेगळा मासा आहे, हे २००८ मध्ये शास्त्रीय वर्णन झाल्यावर ठरले. टिक्टोची स्वतःची प्रजातीही बदलत गेली. २०१२ पासून तो ‘पेथिया’ या प्रजातीत मोडतो.

काचमाशाच्या वाट्याला याहून वाईट आले. पारदर्शक अंगात सुईने गुलाबी-हिरवा रंग टोचून तो जगभर विकला गेला. ज्या माशाचे सौंदर्यच त्याच्या आरपार दिसण्यात आहे, त्याला रंगवणे हे क्रौर्य तर आहेच, शिवाय नजरेची गरिबीही आहे.

महाराष्ट्रात १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले. एस. आर. साने आणि तिथले अभिरक्षक राहिलेले बी. एफ. छापगर यांनी १९९२ मध्ये गोव्यातल्या एका माशाचे वर्णन करून त्याला ‘सेटनाय’ नाव दिले. तो टिक्टोचाच भाऊबंद. टाकीतल्या माशाकडे रोज बघणारी नजर शास्त्राच्या किती उपयोगी पडते, याचा हा आपल्याकडचा पुरावा.

अकोटसारख्या गावात टिक्टो पाळणे सोपे आहे, कारण हवामान त्याच्या ओळखीचे आहे. गोल्डफिश मे महिन्यात धापा टाकतो. टिक्टो तगतो, फक्त पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो म्हणून हवेचा पंप चालू ठेवावा आणि टाकी सावलीत असावी. खरी काळजी पाण्याची. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे मचूळ पाणी टाकीत भरत गेलो, तर उन्हाळ्यात वाफ होऊन जाते ते नुसते पाणी, क्षार मागे राहून साठत जातात. म्हणून भर घालायची ती साठवलेल्या पावसाच्या किंवा क्लोरीन उडवलेल्या नळाच्या पाण्याची. सहा-आठ जण एकत्र असले, तळाला नदीची वाळू आणि कोपऱ्यात पाणवनस्पतींची दाटी असली, की नर एकमेकांसमोर पर फुलवून रंग दाखवतात. अंडी वनस्पतींत पडतात आणि आईबापच ती खाऊन टाकतात, तेव्हा पिल्ले हवी असतील तर मोठ्यांना लगेच वेगळे करावे.

मासे आणायचे ते भोयाच्या जाळ्यातून, जिवंत, पैसे मोजून. नरनाळ्यापासून वर मेळघाटात अभयारण्याची हद्द आहे. तिथल्या पाण्यात जाळे टाकायचे नाही.

मेळघाट ज्या सातपुड्याच्या रांगेत येतो, तिला माशांच्या अभ्यासात मानाचे स्थान आहे. सुंदरलाल होरा यांनी १९४०च्या दशकात मांडले, की पूर्वेकडचे ओढ्यांतले मासे विंध्य-सातपुड्याच्या डोंगरवाटेने सह्याद्रीपर्यंत पोचले असावेत. पुढे या मांडणीवर बरेच आक्षेप आले, पण कुठल्या खोऱ्यात कुठला मासा हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न कायम आहे. वऱ्हाडात तो घरापर्यंत येतो. अकोटचे पाणी पूर्णेतून तापीला मिळते आणि अरबी समुद्रात जाते. अमरावती जिल्ह्याच्या पूर्व भागातले पाणी वर्धेतून गोदावरीच्या खोऱ्यात आणि तिथून बंगालच्या उपसागरात. दोन्हीकडे टिक्टो असला, तरी दोन्हीकडचा टिक्टो अगदी तोच आहे असे गृहीत धरून चालत नाही, आणि टाकीतून सोडलेल्या माशाबरोबर तिथला रोगही जातो. बदली झाली, टाकी मोडायची वेळ आली, तर वर्धेच्या खोऱ्यातल्या धामणगावच्या ओढ्यात अकोटचे मासे सोडू नयेत. दुसऱ्या कुणा शौकिनाला द्यावेत. टाकीवर चिठ्ठी लावावी: पूर्णा खोरे, गावाचे नाव, महिना.