वाद्यावरचे नाव

गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाला, जिथे खुंट्या बसवलेल्या असतात, तिथे कारखान्याचे नाव लिहिलेले असते. काही गिटारांवर त्याच्या जोडीला आणखी एक नाव आढळते. ते एखाद्या वादकाचे असते आणि बहुधा त्याच्या स्वाक्षरीच्या वळणात उमटवलेले असते. या दुसऱ्या नावामागे करार असतो. वादकाने रंगमंचावर आणि छायाचित्रांत तेच वाद्य हाती धरावे, कंपनीने त्याला वाद्ये सवलतीत किंवा विनामूल्य द्यावीत, आणि त्याच्या नावाचे मॉडेल निघाल्यास विक्रीतील ठरावीक वाटा त्याला मिळावा, असे त्याचे साधारण स्वरूप असते. वाद्यांच्या बाजारात याला एन्डॉर्समेंट म्हणतात. आपल्याकडे ही रीत नव्हती. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हाही मान मिळाला तो गावाला आणि कारागिरांच्या घराण्यांना. तंबोऱ्यावर गवयाची स्वाक्षरी कोरावी असे कोणाच्या मनातही आले नसावे, आणि मला वाटते ते ठीकच झाले.

परंतु गिटारचा इतिहास या दुसऱ्या नावावाचून वाचता येत नाही. स्त्रियांनी गिटार वाजवावी आणि वाद्यावर नाव मात्र पुरुषाचे असावे, हा प्रकार जवळजवळ सारे विसावे शतक चालला. तो कसा चालला आणि कसा पालटू लागला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आरंभ आपल्या मुंबईपासूनच करू या. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या धर्मग्रामांत ज्या संगीतशाळा चालत, त्यांत मेस्त्रीच्या हाताखाली मुले स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकत. त्यांतील कित्येकजण पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही नावे आज जाणकारांना ठाऊक आहेत. त्या काळी मात्र पडद्यावरच्या श्रेयनामावलीत संगीत दिग्दर्शकाचे नाव येई, वाद्यवृंदाचे सहसा येत नसे. राहुलदेव बर्मन यांच्या वादकसंचातील गिटारवादक भानू गुप्ता किंवा बेसवादक टोनी वाझ यांची ओळख लोकांना झाली ती बऱ्याच वर्षांनी. त्या बाकांवर स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच. ल्युसिला पाशेको ही पियानोवादिका ठळक अपवाद. जिथे पुरुषांचीच नावे झाकलेली, तिथे वाद्यावर कोणाचे नाव येणार? शिवाय परदेशी गिटार देशात येणेही कठीण होते. १९९१पूर्वी परकीय चलनाची बंधने आणि आयातकर इतके कडक होते, की चांगले वाद्य हवे असल्यास परदेशातून येणाऱ्या कोणावर तरी भिस्त ठेवावी लागे. ज्या देशात कंपनीचा माल विकला जात नाही, त्या देशातील वादकाशी ती करार कशाला करील?

म्हणून हा इतिहास समजून घ्यायला अमेरिकेकडे वळावे लागते, आणि तिथे पहिली थोर स्त्री भेटते ती एका प्रार्थनामंदिरात. रोझेटा थार्प हिचा जन्म १९१५ साली आर्कान्सा राज्यातील कॉटन प्लांट या गावी झाला. आई कृष्णवर्णीयांच्या पेंटेकोस्टल पंथाची प्रवचनकार. त्या पंथात वाद्ये वर्ज्य नव्हती. तालाच्या अंगाने देवाची स्तुती करणे हेच तेथील उपासनेचे वैशिष्ट्य. मुलगी अगदी लहानपणीच गिटार घेऊन आईबरोबर गावोगावच्या मेळाव्यांत गाऊ लागली. १९३८ साली तिने न्यूयॉर्कला डेका कंपनीसाठी पहिल्या ध्वनिमुद्रिका केल्या आणि त्याच वर्षी कॉटन क्लब या रात्रमंडळात भक्तिगीते गायली. भक्त दुखावले. मदिरा विकली जाते तिथे देवाचे नाव घ्यावे की नाही, हा प्रश्न आमच्या सेमिनरीतही वादाला पुरला असता. माझा कल तिच्या बाजूने आहे; पण तिच्या मंडळीचे दुःखही खोटे नव्हते. तिचे १९४४ साली मुद्रित झालेले एक भक्तिगीत पुढल्या वर्षी लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चढले. पुढे ज्याला रॉक संगीत म्हणू लागले, त्याची चाहूल अभ्यासकांना त्या गीतातील गिटारमध्ये ऐकू येते.

१९६४च्या मे महिन्यात मँचेस्टर शहरातील एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी तिचे गायन चित्रित झाले. प्रेक्षक एका फलाटावर, ही समोरच्या फलाटावर. मधे रूळ, वर पावसाळी आभाळ. उंची कोट घातलेली पन्नाशीकडे झुकलेली ही बाई शुभ्र गिटारवर ज्या सफाईने बोटे चालवते, ते चित्रीकरण आजही पाहता येते आणि वाचकांनी ते अवश्य पाहावे. तिच्या त्या काळातील प्रसिद्ध छायाचित्रांत दिसणारी, तीन पिकअपांची शुभ्र गिटार गिब्सन कंपनीने १९६१ साली नव्या आकारात काढलेल्या मॉडेलची. त्या मॉडेलचे नाव होते ‘लेस पॉल कस्टम’. म्हणजे त्या काळातील सर्वांत प्रभावी भक्तिगायिकेच्या हातातले वाद्य दुसऱ्याच्या नावाचे होते. १९७३ साली फिलाडेल्फियात ती निवर्तली, आणि तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला पस्तीस वर्षे लागली. २००८ साली एका संगीतसभेतून पैसे जमले, तेव्हा तो बसला. रॉक संगीताच्या मानवंदना-दालनात तिचा समावेश २०१८ साली झाला.

हे लेस पॉल कोण, हे सांगणेही ओघाने आलेच, कारण त्यांच्या घरात याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. लेस पॉल हे कल्पक वादक आणि यंत्रप्रेमी गृहस्थ. गिब्सनने १९५२ साली त्यांच्या नावाने भरीव लाकडाची विजेवरची गिटार बाजारात आणली. करारानुसार विक्रीमागे त्यांना रक्कम मिळे. पण ज्या गाण्यांनी ते घराघरांत पोहोचले, ती गाणी एकट्याची नव्हती. पत्नी मेरी फोर्ड त्यांच्या शेजारी उभी राहून गात असे आणि तीच गिटार वाजवत असे. दोघांचा दूरचित्रवाणीवरील छोटेखानी कार्यक्रम एका औषधी गुळण्यांच्या कंपनीने पुरस्कृत केला होता. जाहिरातीच्या दृष्टीने जोडपे एकसंध, वाद्यावर मात्र नाव एकाचेच. १९६३ साली गिब्सनने नव्या आकाराच्या गिटारवरून पॉल यांचे नाव उतरवले. त्याच सुमारास दोघांचा संसार मोडत होता. करारातील नवे उत्पन्न घटस्फोटाच्या वाटणीत जाऊ नये म्हणून पॉल यांनी नवा करार पुढे ढकलला, असे गिटारच्या इतिहासकारांत सांगितले जाते. १९६८ साली त्यांच्या नावाची गिटार पुन्हा निघाली. तोपर्यंत मेरी फोर्ड वेगळी झालेली होती.

आमच्या कॅथोलिक वाचकांच्या अधिक ओळखीची असेल ती बेल्जियमची धर्मभगिनी. जानीन डेकर्स १९५९ साली वॉटर्लूजवळच्या फिशरमोंट येथील डॉमिनिकन मठात दाखल झाली. बरोबर गिटार आणली, तिचे नाव ठेवले ‘अडेल भगिनी’. मठातील मुलींसाठी रचलेली तिची गाणी फिलिप्स कंपनीने मुद्रित केली आणि गायिकेला ‘सूर सुरीर’, म्हणजे हसरी भगिनी, असे नाव देण्यात आले. संत डॉमिनिकवरचे तिचे गीत ७ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि चार आठवडे तिथे राहिले. योगायोग असा, की तीनच दिवस आधी, ४ डिसेंबरला, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयीचा संविधानग्रंथ जाहीर केला होता. त्यात ऑर्गनला मान देऊन, योग्य असतील ती इतर वाद्येही उपासनेत आणण्यास वाट ठेवली होती. आज आपल्या मिस्सेत जी गिटार वाजते, ती त्याच वाटेने आली.

त्या गीताचा पैसा मात्र कंपनीकडे आणि मठाकडे गेला. संन्यस्त व्रतात दारिद्र्याचे वचन असते. तोपर्यंत त्यात तक्रारीला जागा नव्हती. १९६६ साली तिने मठ सोडला, तेव्हा ‘सूर सुरीर’ हे नावही मागे ठेवावे लागले. त्या नावावर तिचा हक्क नव्हता. पुढे बेल्जियमच्या करखात्याने त्याच उत्पन्नावरचा कर तिच्याकडे मागितला. पैसे आपल्या हाती आलेच नव्हते, हे सिद्ध करायला तिच्यापाशी कागद नव्हते. १९८५ साली तिने आणि तिच्या मैत्रिणीने आपले जीवन संपवले. तिच्यासाठी प्रार्थना करावी. आणि आपल्या संस्थांनी हिशेबाच्या पावत्या द्याव्यात, असेही मला येथे म्हणावेसे वाटते.

वाद्यवृंदाच्या मागल्या बाकावरची स्त्री म्हणून कॅरोल के हिचा उल्लेख टाळता येणार नाही. ती लॉस अँजेलिसची जॅझ गिटारवादिका. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आला नाही, म्हणून तिने बेस गिटार हाती घेतली आणि पुढे हजारो ध्वनिमुद्रणांत ती वाजवली. २०२५ साली मानवंदना-दालनाने तिची निवड केली तेव्हा आपण सोहळ्यास जाणार नाही, असे तिने कळवून टाकले. तिचा बाणेदारपणा मला आवडला.

बाजार हलला तो १९९०नंतर. १९९५ साली फेंडरने बॉनी रेट हिच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर काढली. त्या कंपनीने स्त्रीच्या नावाने काढलेली ही पहिली गिटार. रेट जाहिरातींपासून दूर राहणारी. तिने होकार दिला तो तिच्या वाट्याचा पैसा गरीब वस्त्यांतील मुलामुलींना गिटार शिकवण्याच्या योजनेत जाईल या ठरावावर. २०१८ साली जपानच्या आयबानेझ कंपनीने नीटा स्ट्रॉस हिच्या नावे जे मॉडेल काढले, त्याला ‘जीवा’ म्हटले. शब्द आपल्या संस्कृतातला. त्याच वर्षी फेंडरने अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पाहणी केली, तेव्हा नव्याने गिटार शिकू लागलेल्यांत निम्म्या स्त्रिया असल्याचे दिसून आले. कंपन्यांचे मन पालटले की गिऱ्हाईक पालटले, याचा निर्णय वाचकांनी करावा. माझ्या मते दुसरे आधी झाले.

आता पुन्हा मुंबईकडे येता येईल. मोहिनी डे हिचा जन्म १९९६ साली मुंबईत, एका बंगाली कुटुंबात झाला. वडील सुजोय डे बेसवादक, आई गायिका. तिसऱ्या वर्षापासून वडिलांनी तिला वाद्य शिकवले. बेस गिटार ही लहान मुलाच्या हातात मावणारी वस्तू नव्हे. तिच्या तारेची वाजती लांबी सामान्यतः ३४ इंच असते, साध्या विजेवरच्या गिटारची साडेपंचवीस. तारा जाड, पडदे दूरदूर, त्यामुळे डाव्या हाताची बोटे ताणावी लागतात. मुलींना बेस झेपत नाही, हा समज याच मापावरून रुजला असावा. तालवादक रणजित बारोट यांनी तिला शाळकरी वयातच आपल्याबरोबर मंचावर घेतले. २०१३ साली ए. आर. रहमान यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात देशाने तिला पाहिले, तेव्हा ती १७ वर्षांची होती. दाक्षिणात्य तालबोल तोंडाने म्हणत तेच बेसच्या तारांवर उतरवणे ही तिची खूण. बोल आधी आणि हात मागून, ही आपल्याकडील तबल्याच्या तालमीची रीत तिने परदेशी वाद्यावर आणली.

पोलंडमधील ग्दान्स्क या शहरात मेयोनेस नावाची बेस गिटार घडवणारी कंपनी आहे. तिच्या कलावंतांत मोहिनीचे नाव आहे. ज्या शहरातील वादकांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत येत नसत, त्या शहरातील मुलीचे नाव आपल्या वाद्याशी जोडले जावे असे बाल्टिक समुद्राकाठच्या कारखान्याला वाटते. आमच्या पुंडलिकनगरच्या गायकवृंदात दोघी मुली गिटार वाजवतात; त्यांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता की कंपनी गिटार फुकट देते का. प्रश्न रास्त होता. देते, पण मोबदल्यात वादकाचा चेहरा आणि नाव घेते, आणि किती काळ व कुठे वापरणार हे कागदावर लिहून घ्यावे लागते.

नावाचे मोल किती, हे मोहिनीला दुसऱ्याच प्रकारे भोगावे लागले. नोव्हेंबर २०२४मध्ये रहमान दांपत्य विभक्त होत असल्याची वार्ता आली, आणि त्याच सुमारास मोहिनीनेही आपल्या पतीपासून वेगळे होत असल्याचे जाहीर केले. दोन घटनांची सांगड घालून वावड्या उठल्या. रहमान यांच्या पत्नीच्या वकिलांनी दोन्हींचा संबंध नसल्याचे स्पष्ट केले, आणि रहमान आपल्याला पित्यासमान आहेत असे मोहिनीने स्वतः सांगितले. तरीही अनेक मराठी वाचकांच्या कानी तिचे नाव प्रथम पडले ते असे. त्याच वर्षी अमेरिकन गायिका विलो हिच्या अल्बमवर तिने बेस वाजवला होता, आणि त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ साली, तिचा स्वतःचा पहिला अल्बम निघाला होता. त्याचे शीर्षक ‘मोहिनी डे’ एवढेच आहे.