944 आणि 73

मंडळी, परवा रात्री पावणेएकची गोष्ट. लोकल दोन स्टेशनांच्या मध्येच थांबली. दिवे चालू, पंखे चालू, गाडी बंद. डब्यात जेमतेम वीस माणसं. मोबाइलवर गाडीचा ठिपका बरोब्बर जागच्या जागी! म्हणजे गाडी कुठे आहे ते कळत होतं. का थांबलीय आणि कधी हलणार, ते काही नाही. पन्नास मिनिटं. समोरचे काका शांतपणे म्हणाले, "सव्वीस जुलैला तर अख्खी रात्र काढली होती, बाळा." झालं! घरी पोचल्यावर कसली झोप? जुने आकडे काढून बसलो.

26 जुलै 2005, मंगळवार. सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस. हा आकडा आपल्याला पाठच आहे. त्याच 24 तासांत कुलाब्याला किती? फक्त 73! अंतर सुमारे 25 किलोमीटर. मला विचाराल तर त्या रात्रीची खरी गोष्ट या दुसऱ्या आकड्यात आहे.

म्हणजे बघा, तुम्ही फोर्टात नोकरीला आहात. खिडकीबाहेर जुलैतला नेहमीसारखाच पाऊस. लवकर सोडा म्हणून साहेबाला कुठल्या तोंडाने सांगणार? तुम्ही वेळेवर निघालात, सीएसटीला नेहमीची गाडी पकडलीत. तिकडे मिठी नदीने पात्र सोडलेलं, त्यात समुद्राला मोठी भरती, आणि कुर्ला-सायनचे रूळ पाण्याखाली. मुंबईत तेव्हा डॉप्लर रडारही नव्हतं.

आता थोडं आमच्या लाइनचं. लोकलच्या मोटारी डब्याखाली, चाकांपाशी असतात. रुळांवर काही इंच पाणी चढलं की गाडी थांबवावीच लागते. शिवाय रुळांतून हलकासा विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तो चाकांतून शॉर्ट होतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. पाणी साचलं तरी तेच. शंका आली की लाल, म्हणजे फेल-सेफ. डिझाइन झकास! पण आपल्या लोकल तीन-चार मिनिटांच्या अंतराने धावतात. पुढची अडकली की मागच्या असतील तिथेच उभ्या, मग स्टेशन असो वा खाडीचा पूल.

रुळाने सिग्नलला सांगितलं, सिग्नलने मोटरमनला, स्टेशनमास्तरने कंट्रोलला. प्रवाशाला सांगायचं काम या साखळीत कुणाचंच नव्हतं. तेव्हाच्या बहुतेक डब्यांत स्पीकरच नव्हते. ते असलेल्या नव्या गाड्या 2007 पासून यायला लागल्या. वीज गेलेली, मोबाइलचं नेटवर्क कोलमडलेलं. प्रश्न साधा होता: बसून राहायचं की अंधारात कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं? चूक झाली तर जिवाशी गाठ. आणि ठरवायचं कशावर, तर दारात उभा असलेला कोण काय म्हणतो त्यावर. हजारो लोकांनी रात्र डब्यातच काढली, हजारो रुळांवरून चालत निघाले. त्या पुरात मुंबईत चारशेहून जास्त माणसं गेली. सगळी रेल्वेमार्गावरची नव्हेत; साकीनाक्याला दरडीखाली कितीतरी गेली, काही बंद मोटारींत गुदमरून.

नंतर माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. पालिकेने शहरात जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. त्यामुळे आता कुलाब्यावरून अंधेरीचा अंदाज बांधावा लागत नाही. पाऊस मोजायचं जमलं. गाडी नकाशावर दाखवायचंही जमलं, 2022 मध्ये 'यात्री' अ‍ॅपवर ते सुरू झालं. पण 'पुढे सिग्नल बिघडलाय, अर्धा तास लागेल' हे एक वाक्य बोलायला कुठलं आलंय नवं तंत्रज्ञान? परवा आमच्या डब्यात स्पीकर होता की! त्यावर पुढच्या स्टेशनचं नाव दोनदा ऐकू आलं, बस्स.

असो. उतरायच्या आधी काकांना विचारलं, "त्या रात्री तुम्हाला शेवटी कळलं कसं?"

"रुळांच्या बाजूच्या वस्तीतली पोरं आली ना पाण्यातून. म्हणाली, पुढे गाड्यांची रांग लागलीय, सकाळपर्यंत हलू नका. बिस्किटंपण त्यांनीच दिली."