मतदार नोंदवही कशी वाचावी : लुइझियानाचे दफ्तर

जुनी मतदार नोंदवही समोर आली की आपली नजर आधी नावांवर जाते. कूळ शोधणाऱ्याला पणजोबा हवे असतात, इतिहासकाराला एकूण आकडा. दोघांचेही रकान्यांच्या मथळ्यांकडे दुर्लक्ष होते. खरे तर वाचनाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. कोणाला काय विचारायचे आणि उत्तर चुकले तर त्याचे काय करायचे, हे कायद्याने आधीच ठरवलेले असते. म्हणून नोंदवही आणि तिचा कायदा शेजारी ठेवूनच वाचावेत. अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या दफ्तरातून हे जितके स्पष्ट होते तितके क्वचितच इतरत्र होत असेल.

यादवी युद्धानंतर, मार्च १८६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने पराभूत दक्षिणी राज्ये लष्करी अंमलाखाली आणली आणि एकवीस वर्षांवरील पुरुषांची वर्णभेद न करता नोंदणी करण्याचा हुकूम दिला. या नोंदवह्या राज्यांच्या आणि स्थानिक अभिलेखागारांत आजही पाहायला मिळतात. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली होई : वय, लिंग, वर्ण, बस्स. मुक्त झालेल्यांची नावे-आडनावे देशभरच्या जनगणनेत आली ती १८७० मध्ये. त्याआधी तीन वर्षे हीच माणसे मतदार म्हणून आपले पूर्ण नाव सांगून गेली होती. कित्येकांच्या बाबतीत ते नाव सरकारी कागदावर पहिल्यांदाच उमटत होते. स्पेलिंग मात्र लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून असे, त्यामुळे एकच आडनाव तीन तऱ्हांनी सापडते.

या वह्यांतले आकडे सरळ लोकसंख्येचे म्हणून वापरणे धोक्याचे आहे. लुइझियानात १८६७ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक कृष्णवर्णीय मतदार नोंदले गेले, गोरे पंचेचाळीस हजारांच्या आसपास. पण १८७० च्या जनगणनेत दोन्ही समाज जवळपास निम्मे-निम्मे होते. हा फरक कायद्याने आणि राजकारणाने घडवला. युद्धापूर्वी अमेरिकेच्या राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेऊन पद भोगलेले आणि नंतर बंडाला मिळालेले लोक अपात्र होते, आणि अनेक गोरे स्वतःहून नोंदणीपासून दूर राहिले. स्त्रिया तर यात कुठेच नाहीत.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील लोकांना अर्पण केली, गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. त्या सालच्या लुइझियानात कालचे गुलाम मतदार होते, काही जण विधिमंडळातही बसत होते. पुण्यातून दिसणारे ते चित्र खरे होते. ते पुढे कसे पुसले गेले, तेही याच दफ्तरात नोंदलेले आहे.

१८९६ मध्ये राज्यात १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०० मध्ये ५,३२० उरले, १९०४ मध्ये १,३४२. याचे खापर सहसा लुइझियानाच्या स्वतःच्या १८९८ च्या घटनेवर फोडले जाते. मात्र सगळ्यांनी पुन्हा नोंदणी करावी असे सांगणारा कायदा त्याआधीच आला होता आणि गळती तेव्हाच सुरू झाली होती. घटनेने ती कायमची केली. मतदाराला लिहिता-वाचता यावे किंवा त्याच्या नावावर मालमत्ता असावी, अशी अट तिने घातली. मग निरक्षर, गरीब गोऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी कलम १९७ चा पाचवा भाग होता. १ जानेवारी १८६७ रोजी किंवा त्यापूर्वी ज्याला मताधिकार होता, त्याला व त्याच्या मुला-नातवांना अटी माफ. तारीख मुद्दाम निवडलेली होती, कारण कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळाला तो त्यानंतर, मार्चमध्ये. या सवलतीखालच्या मतदारांची वेगळी वही ठेवावी आणि ती कायमची नोंद म्हणून जपावी, असेही घटनेनेच सांगितले. ज्यांनी अन्याय रचला त्यांनीच त्याचा पुरावा राखण्याची तरतूद केली. आजोबांच्या हक्कावर आधारलेली ही युक्ती पुढे ओक्लाहोमाच्या खटल्यात, १९१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली.

मला या दफ्तरातला सर्वांत महत्त्वाचा कागद वाटतो तो नोंदणीचा अर्ज. तो अधिकाऱ्यासमोर, कोणाच्याही मदतीशिवाय, सोबत कसलेही टिपण न ठेवता, स्वहस्ते भरायचा. त्यात जन्मतारीख लिहायची, आणि पुढे आजचे वय : इतकी वर्षे, इतके महिने, इतके दिवस. जो गुलाम म्हणून जन्मला, ज्याच्या जन्माची नोंद कोणी ठेवलीच नाही, त्याने दिवसांचा हिशेब कुठून द्यायचा? आणि जन्मतारीख ठाऊक असली तरी हिशेबात एका दिवसाची चूक अर्ज फेटाळायला पुरे होई. चूक पकडायची की सोडून द्यायची हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. नियम एकच, पण राबवताना दोन. हे नुसता कायदा वाचून कळत नाही. त्यासाठी मंजूर आणि नामंजूर अर्ज एकमेकांशेजारी ठेवून पाहावे लागतात.

इथेच संशोधकाची खरी अडचण होते. मंजूर नावे वहीत चढतात, फेटाळलेले अर्ज मात्र सहज फेकले जातात. नावांची वर्णानुक्रमे संगणकीय सूची केली की आणखी काही हरवते. मूळ पानावर नावे माणसे आली त्या क्रमाने असतात. एकाच मळ्यावरची माणसे जोडीने आली असतील तर ते त्या क्रमात दिसते, समासातली खाडाखोड दिसते, एका दिवसापुरते बदललेले हस्ताक्षर दिसते. सूची शोधाला उपयोगी आहे. पण तिच्यावर विसंबून निष्कर्ष काढू नयेत, आणि सूची झाली म्हणून मूळ वही तळघरात टाकणाऱ्या कार्यालयांना तर कडक शब्दांत रोखले पाहिजे.

१९६० च्या नागरी हक्क कायद्याने संघीय निवडणुकांशी संबंधित नोंदणीचे कागद बावीस महिने जपणे बंधनकारक केले आणि न्याय खात्याला ते तपासण्याचा अधिकार दिला. मग सरकारी वकील पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या, कचेऱ्यांत जाऊन वह्या आणि अर्ज तपासू लागले, त्यांची छायाचित्रे घेऊ लागले. कोणाची कोणती चूक चालवून घेतली आणि कोणाची नाही, हे न्यायालयात आता कागदावरून दाखवता येऊ लागले. मार्च १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानात नोंदणीसाठी घेतली जाणारी घटनेचा अर्थ सांगण्याची परीक्षा अवैध ठरवली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा झाला.