भूकंपाचा आकडा एक, हादरे अनेक

भूकंप झाल्याची बातमी आली की तिच्यासोबत एक आकडा येतो. 'रिश्टर स्केलवर अमुक तीव्रतेचा धक्का' हे शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचे आहेत. मात्र या वाक्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. जमिनीच्या पोटात किती मोठी घडामोड झाली, हे सांगणाऱ्या आकड्याला शास्त्रात भूकंपाची 'महत्ता' म्हणतात. एखाद्या ठिकाणी जमीन किती हादरली आणि तेथे किती हानी झाली, याचे मोजमाप म्हणजे 'तीव्रता'. एका भूकंपाची महत्ता एकच असते. तीव्रता मात्र गावागणिक बदलते.

कासार आंबोलीपर्यंतचा प्रवास

पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुटच्या पुढे लागणारे कासार आंबोली हे मुळशी तालुक्यातील गाव या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. कोयना धरण येथून जवळजवळ सरळ दक्षिणेला, हवाई अंतराने सुमारे १२५ किलोमीटरवर आहे. तेथे मोठा भूकंप झाल्यास प्रथम पोहोचतात त्या प्राथमिक लहरी. सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने येणाऱ्या या लहरींना गावापर्यंत यायला वीस-एकवीस सेकंद लागतात. त्यांचा धक्का बारीक असतो. भांडी किणकिणतात, तावदाने थरथरतात. त्यानंतर साधारण पंधरा सेकंदांनी दुय्यम लहरी येतात आणि जमीन आडवी हलू लागते. घरांना खरा धोका या दुसऱ्या हादऱ्याचा असतो. या दोन धक्क्यांमधील सेकंदांना आठाने गुणले, की भूकंपाचे ढोबळ अंतर किलोमीटरमध्ये मिळते. वेधशाळाही तत्त्वतः हेच करतात. किमान तीन केंद्रांवरून अंतरे काढून भूकंपाचे स्थान निश्चित केले जाते.

रिश्टर स्केल हे यंत्र नव्हे

जमिनीची हालचाल नोंदवणारे यंत्र म्हणजे भूकंपमापक. रिश्टर स्केल ही त्या नोंदीवरून आकडा काढण्याची रीत आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टर यांनी ती १९३५ मध्ये मांडली. ठरावीक प्रकारच्या भूकंपमापकावर, १०० किलोमीटर अंतरावरील भूकंपाने एक मिलिमीटर उंचीची रेघ उमटली, तर त्याची महत्ता तीन मानावी, असे त्यांनी ठरवले. रेघ दहा मिलिमीटरची असेल तर चार, शंभर मिलिमीटरची असेल तर पाच. अंतर कमी-अधिक असल्यास त्याप्रमाणे दुरुस्ती केली जाते. एका अंकाच्या वाढीने कंपनाचा आवाका दहापट होतो आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. दोन अंकांच्या फरकात ऊर्जा हजारपट होते.

'लहान धक्के बसत राहिले की मोठा भूकंप टळतो' हा समज या हिशोबावर टिकत नाही. ६.३ महत्तेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडण्यासाठी ३.३ महत्तेचे तीस हजारांहून अधिक धक्के बसावे लागतील.

फार मोठ्या भूकंपांसाठी रिश्टर यांची रीत अपुरी पडते. एका मर्यादेनंतर आकडा वाढतच नाही. म्हणून १९७९ मध्ये थॉमस हँक्स आणि हिरू कानामोरी यांनी 'आघूर्ण महत्ता' ही नवी रीत मांडली. जमिनीखालील भेगेचे किती क्षेत्र सरकले, किती सरकले आणि तेथील खडक किती ताठर आहे, यांवरून हा आकडा काढतात. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपानंतर भारतीय हवामान खात्याने ६.९, तर अमेरिकी संस्थेने आघूर्ण महत्तेनुसार ७.७ आकडा दिला. लोकांना हा गोंधळ वाटला. प्रत्यक्षात मोजण्याच्या रीती वेगळ्या होत्या.

सारखाच आकडा, वेगळा विध्वंस

महाराष्ट्राने महत्ता आणि तीव्रता यांतील फरक फार मोठी किंमत देऊन अनुभवला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. धरणाच्या भिंतीला तडे गेले, सुमारे पावणेदोनशे ते दोनशे माणसे दगावली आणि धक्का पुणे-मुंबईपर्यंत जाणवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही भूकंपांची महत्ता सहा ते साडेसहाच्या दरम्यान होती. कोयनेचा मुलूख डोंगराळ आणि विरळ वस्तीचा. किल्लारीच्या आसपास मात्र गावे दाट होती. तेथील माळवदाच्या घरांच्या जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या होत्या आणि छतावर मातीचा जड थर होता. झोपेतल्या माणसांवर हेच ओझे कोसळले.

या परिणामांची नोंद घेण्यासाठी तीव्रतेची बारा पायऱ्यांची मापनश्रेणी वापरतात. इटलीच्या ज्युसेप्पे मर्काली यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. धक्का कोणाला जाणवला, झोपलेले जागे झाले का, भिंतींना तडे गेले का, कोणती घरे पडली, अशा निरीक्षणांवरून गावाची पायरी ठरते.

नकाशा आणि नवी घरे

२००२ च्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात पुणे तिसऱ्या, तर कोयना चौथ्या विभागात दाखवले गेले. तिसऱ्या विभागात सातव्या पायरीपर्यंतची तीव्रता गृहीत धरली जाते. म्हणजे साध्या विटांच्या भिंतींना तडे आणि कच्च्या घरांची मोठी हानी. नकाशा म्हणजे अभयपत्र नव्हे. किल्लारीचा परिसर १९९३ पूर्वी सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता.

भूज कासार आंबोलीपासून सुमारे ६५० किलोमीटर दूर आहे. इतक्या अंतरावर जलद कंपने विरून जातात आणि संथ लहरी उरतात. त्या बैठ्या घरापेक्षा उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर अधिक जाणवतात. पुण्याच्या पश्चिमेला मुळशीच्या दिशेने इमारती वाढत असताना हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. भूकंपाची बातमी वाचताना आकड्याबरोबर त्याची खोली आणि आपल्यापासूनचे अंतर पाहावे. घर घेताना किंवा बांधताना आराखडा भारतीय मानक १८९३ नुसार आणि लोखंडी सळ्यांची बांधणी मानक १३९२० नुसार आहे का, हे अभियंत्याकडून लेखी घ्यावे. महत्ता माणसाच्या हाती नाही. घराची मजबुती मात्र आहे.